डॉक्टरचा कलेक्टर झाला, त्यानंतरची गोष्ट

प्रस्तावना

डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव या पुस्तिकेच्या बहुतेक वाचकांनी आधी मोबाइलवर ऐकलेलं असणार. दारू विकणाऱ्या आईचा मुलगा कलेक्टर झाला, असा मथळा असतो. मागे बासरी वाजत असते आणि पाचव्या मिनिटाला 'जिद्द असेल तर' असं काहीतरी म्हणून व्हिडिओ संपतो. चिंचोळी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत असे व्हिडिओ फिरतात. चार जण हळहळतात, दोघं आपल्या पोराला पाठवून देतात, आणि सगळे पुन्हा मशीनवर जातात. गोष्ट खरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्हिडिओ संपतो तिथे भारूड यांची नोकरी सुरू होते. ही पुस्तिका तयार करणाऱ्या मंडळींना त्या नोकरीत जास्त रस आहे आणि मलाही.

सोलापूरकरांना तर तो असायलाच हवा. २०१७ साली हे गृहस्थ सोलापूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून इथे आले. ज्याला आपण बोलताना 'सीईओ' म्हणतो ती खुर्ची. पुणे रस्त्यावरचं आपलं हे औद्योगिक क्षेत्र महामंडळाचं, प्लॉट महामंडळाचे, पाण्याची लाइनही त्याचीच. पण पाळी सुटल्यावर माणूस परततो ते चिंचोळी काटी, कोंडी, पाकणी ही गावं जिल्हा परिषदेच्या कारभारातली. पोरांची प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावचा नळ या सगळ्याचा धागा शेवटी त्या खुर्चीपर्यंत जातो. कारखान्यातला मॅनेजर आपल्याला नावानिशी ठाऊक असतो. सीईओ कोण हे विचारलं तर दहातले नऊ गप्प बसतील.

पहिला भाग थोडक्यात सांगतो, कारण तो भारूड यांनी स्वतःच 'मी एक स्वप्न पाहिलं' या २०१४ साली आलेल्या पुस्तकात सांगितला आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं सामोडे हे त्यांचं गाव. भिल्ल कुटुंब. जन्म १९८८ चा, आणि वडील त्याआधीच गेलेले. आई कमलाबाई मोहाची दारू विकून घर चालवायची. उसाच्या पाचटाचं खोपट, त्यातच गिऱ्हाईक, त्यातच संसार. तान्हं मूल रडलं की धंद्यात व्यत्यय येतो म्हणून त्याच्या तोंडात दारूचेच थेंब सोडले जायचे, हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलंय. पुढे थोडं मोठं झाल्यावर गिऱ्हाइकांना खायला आणून द्यायचं आणि त्यातून हाती पडतील त्या चिल्लर पैशांत पुस्तकं घ्यायची. इथे ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण एकट्या बाईपुढे तीन मुलं वाढवायला दुसरा धंदाच का नव्हता, हा प्रश्न त्या पाच मिनिटांत कुणी विचारत नाही. आईनं मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळली: मुलाला भट्टीला जुंपलं नाही, शाळेतून काढलं नाही.

शाळा जिल्हा परिषदेची. मुलगा हुशार आहे, त्याला इथे ठेवू नका, हे त्या शाळेतल्या शिक्षकांनी आईला सांगितलं. मग तो दीडशे किलोमीटरवरच्या अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेला. नवोदयची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली. देशातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीला निघाली आणि दुसरी हरियाणात झज्जरला. किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, राहणं-जेवण सरकारचं. बारावीला उत्तम गुण मिळवून २००६ साली हा मुलगा मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'केईएम'ला, दाखल झाला. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी इतर मुलं पदव्युत्तर प्रवेशाची पुस्तकं उघडत होती, तेव्हा यानं त्यांच्या शेजारी लोकसेवा आयोगाची उघडली. पहिल्यांदा महसूल सेवा मिळाली. प्रशिक्षणाला फरिदाबादला असताना पुन्हा परीक्षा दिली आणि २०१३ च्या तुकडीत भारतीय प्रशासन सेवा पदरात पडली. गावात निकाल कळला तेव्हा काही शेजाऱ्यांनी पोरगा 'कंडक्टर' झाल्याबद्दल अभिनंदन केलं, असं ते स्वतःच हसत सांगतात.

आता या शिडीकडे पाहा. जिल्हा परिषदेची शाळा, केंद्र सरकारचं नवोदय, मुंबई महापालिकेचं मेडिकल कॉलेज, आणि शेवटी आयोगाची परीक्षा. एकही पायरी खासगी नाही. आपल्याकडे कारखान्यात बारा-पंधरा हजारांवर काम करणारा बापही कर्ज काढून पोराला इंग्रजी शाळेत घालतो, दहावीनंतर लातूरला किंवा पुण्याला क्लास लावतो. तो चुकतो असं मी म्हणणार नाही, कारण गावातल्या सरकारी शाळेची अवस्था तो रोज पाहतो. पण भारूड यांच्या गोष्टीतली जिद्द तेवढी उचलायची आणि शिडी कुणी उभी केली ते विसरायचं, हे मला पटत नाही. जिद्द सामोड्यात आणखीही मुलांकडे असणार. शिडी एकाच्याच पायाखाली आली.

जी. एस. कॉलेजवरून आठवलं. सोलापूरचं आणि त्या कॉलेजचं नातं जुनं आहे. कॉलेज निघालं १९२६ ला. अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत, ही देणगीदारांची अट होती. ब्रिटिशांच्या राज्यात ही अट साधी नव्हती. तिथेच शिकला भैय्या चौकातल्या घरातला द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तो चीनला गेला, जपानी आक्रमणात आघाडीवरच्या जखमींवर उपचार करत राहिला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. परतलाच नाही. १९३० च्या मार्शल लॉच्या काळातल्या सोलापूरच्या काँग्रेस पुढाऱ्यांतही एक डॉक्टर होते, कृ. भी. अंत्रोळीकर. तेव्हा डॉक्टरनं दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर पडणं ही या गावाला नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की कोटणीस शेवटपर्यंत डॉक्टरच राहिले, अंत्रोळीकर राजकारणात गेले आणि भारूड कागदांच्या गठ्ठ्यांत शिरले. नागपूरकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची तऱ्हा आणखी वेगळी. तेही एमबीबीएस, एमडी. आयपीएस झाले, आयएएस झाले, दोन्ही सोडलं आणि १९८० साली पंचविशीतच आमदार झाले. त्यांच्या पदव्यांची मोजदाद आजही होते. आमदार आणि मंत्री म्हणून त्यांनी काय केलं याची तेवढी होत नाही. पदव्या मोजणं सोपं असतं.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. सरकारी कॉलेजातली एमबीबीएसची जागा जनतेच्या पैशावर चालते. खेड्यात डॉक्टर मिळत नाही म्हणून आपण ओरडतो. अशा वेळी साडेपाच वर्षं शिकून तयार झालेला डॉक्टर स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लाल दिव्याच्या गाडीकडे धावला तर ती जागा वाया गेली की नाही? (तो दिवा २०१७ मध्ये गेला, गाडी राहिली.) दर वर्षीच्या निकालात डॉक्टरांची नावं असतात आणि त्यातले पुष्कळजण पुढे आयुष्यभर डॉक्टर असल्याचा उपयोग नावाच्या पाटीपुरता करतात. त्यांच्या बाबतीत हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

पण प्राथमिक आरोग्य केंद्रात थोडा वेळ बसून पाहिलेल्या माणसाला दुसरी बाजूही दिसते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न वैद्यकीय नसतात. एएनएम नर्सची जागा रिकामी आहे, रुग्णवाहिकेच्या डिझेलचं बिल अडकलंय, सर्पदंशावरचं प्रतिविष संपत आलंय आणि मागणीपत्र वरच्या टेबलावर आहे, बाळंतपणाच्या खोलीत रात्री वीज जाते. प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी सही हवी असते. सही करणाऱ्यानं कधी रात्रपाळीत बाळंतीण पाहिली असेल तर मागणीपत्रातला कुठला कागद उद्यापर्यंत थांबू शकतो आणि कुठला नाही, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टर अधिकारी झाल्याचा फायदा असलाच तर तो एवढाच आहे, आणि तो कमी नाही.

सोलापूर जिल्हा परिषद म्हणजे अकरा तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरलेला, पावसाची वाट पाहणारा मुलूख, आणि त्यात दर आषाढीला पंढरपुरात उतरणारी लाखोंची वारी. भारूड आले तेव्हा गावोगाव शौचालयांची मोहीम जोरात होती. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली, ती त्यांच्या इथल्या कारकिर्दीतच. शौचालय बांधणं आणि ते वापरणं यातलं अंतर ज्यानं गावात पाहिलं असेल त्याला घोषणेचं फार कौतुक नसतं, मलाही नाही. तरी अतिसार, कावीळ, पोटातले जंत हे सगळं दवाखान्याच्या रांगेत यायच्या आधी गावच्या पाण्यात आणि मातीत असतं, हे वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकातलं ज्ञान. तालुक्याचा आढावा घेणाऱ्या माणसाला ते पाठ असणं चांगलंच.

सोलापूरनंतर ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. ज्या अक्कलकुव्याच्या नवोदयमध्ये ते शिकले तो तालुका याच जिल्ह्यातला. १९९८ साली धुळ्यातून वेगळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. लोकसंख्या १६ लाखांवर, त्यात आदिवासी सत्तर टक्क्यांच्या घरात. सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले पाडे, आणि नर्मदेच्या काठी काही गावं अशी की आरोग्य कर्मचारी होडीतून जातात. तिथे कोविड आला. आणि या पुस्तिकेतलं जे प्रकरण मी वाचकांना सर्वांत आधी उघडायला सांगेन, ते इथलं आहे.

२०२० च्या पहिल्या लाटेत नंदुरबारचा एका दिवसाचा सर्वांत मोठा आकडा १९० च्या आसपास होता. मुंबई-पुण्याच्या मानानं काहीच नाही. लाट ओसरू लागली, तसे सगळीकडे लोक सैल झाले, अधिकारीही झाले. नंदुरबारनं मात्र सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून ऑक्सिजन काढणारं पहिलं संयंत्र बसवलं, मिनिटाला ६०० लिटरचं. एकाचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. जिल्हा नियोजनाचा पैसा, आपत्तीचा निधी, कंपन्यांकडून आलेली मदत असं जुळवून दुसऱ्या लाटेच्या तोंडावर आणखी संयंत्रं उभी राहिली.

आपल्या एमआयडीसीतल्या वाचकांना हे यंत्र समजावून सांगायला वेळ लागणार नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातला ओलावा काढतो, मग ती हवा झिओलाइटचे दाणे भरलेल्या टाकीतून जाते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. दाबाखाली नायट्रोजन त्या दाण्यांना चिकटून राहतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन पुढे जातो. एक टाकी भरली की व्हॉल्व्ह उलटतात, दाब उतरतो, नायट्रोजन बाहेर फेकला जातो, तोवर दुसरी टाकी कामाला लागलेली असते. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर मावतो असं धरलं तर ६०० लिटरचं हे संयंत्र दिवसाला सव्वाशेच्या आसपास सिलिंडरांचं काम करतं. मास्कवरच्या रुग्णाला मिनिटाला पाच ते दहा लिटर लागतो. म्हणजे एका संयंत्रावर साठ ते शंभर-सव्वाशे माणसांचा श्वास. टँकर नको, ड्रायव्हर नको, घाटरस्ता नको. वीज हवी आणि देखभाल हवी.

एप्रिल २०२१ आठवा. २२ एप्रिलपासून केंद्रानं मोजके उद्योग सोडून बाकी कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला, सगळा रुग्णालयांकडे वळवला. गॅसकटिंगचे आणि वेल्डिंगचे सिलिंडर ज्यांच्या रोजच्या हातातले, त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको. काम थांबलं त्याचं वाईट वाटण्याचीही सोय नव्हती, कारण तोच सिलिंडर कुणाच्या तरी खाटेशेजारी उभा होता. देशातली मोठमोठी शहरं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. नंदुरबारात रोजचे नवे रुग्ण पहिल्या लाटेच्या सहापट झाले, तरी तो गरीब, डोंगराळ, आदिवासी जिल्हा ऑक्सिजनसाठी रडला नाही. शेजारच्या भागातले रुग्ण तिथे यायला लागले.

त्यातही मला संयंत्रापेक्षा 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना मोठी वाटते. पैसे मिळाले की यंत्र कुणीही विकत घेईल. नंदुरबारनं रुग्णालयात काही परिचारिकांना एकच काम दिलं: ठरावीक वेळानं प्रत्येक रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा पाहायचा आणि गरजेनुसार प्रवाह कमी-जास्त करायचा. मास्क सरकला असेल तर नीट बसवायचा, रुग्ण जेवायला उठला आणि नळी तशीच वाहत राहिली तर ती बंद करायची. एवढ्यानं ऑक्सिजनची नासाडी थांबली आणि राज्यानं इतर जिल्ह्यांनाही हीच पद्धत घ्यायला सांगितली. ही कल्पना मंत्रालयातल्या बैठकीत सुचणारी नाही. वॉर्डात उभं राहून ज्यानं फ्लोमीटरची गोळी वर-खाली होताना पाहिली आहे त्याला ती सुचते. केईएमच्या वॉर्डात मिळालेलं शिक्षण वाया गेलं नाही, असं मी म्हणतो ते या एका गोष्टीच्या बळावर.

इथेच थोडं थांबवतो, कारण पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यात भारूडांचा देव व्हायला लागला होता आणि मी त्यावर बराच लाल शाईचा मारा केला आहे. नंदुरबारचं कुपोषण एका कलेक्टरनं संपवलेलं नाही. सिकलसेल तिथे आहे, रोजगारासाठी गुजरातेत होणारं स्थलांतर आहे, झोळीतून दवाखान्यापर्यंत आणाव्या लागणाऱ्या बाळंतिणी आहेत. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. २०२१ मध्ये भारूडांचीही बदली झाली आणि ते पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आयुक्त झाले. अधिकारी गेल्यावर काय उरतं, हा खरा हिशेब. संयंत्राला एअर फिल्टर वेळेवर मिळतो का, ते चालवणारा माणूस पगारावर आहे का, यावर तो मांडला जातो. कोविडनंतर राज्यभर अशी संयंत्रं उभी राहिली. मशीन बंद ठेवली की तिचं काय होतं, हे चिंचोळीतल्या मेंटेनन्सच्या माणसाइतकं कुणाला कळणार? आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन ते संयंत्र चालू आहे का, एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुस्तिकेबद्दल दोन शब्द. ती लिहिणारे लेखक नाहीत. काही कारखान्यांत काम करणारे आहेत, काही शिक्षक. भाषा कुठे कुठे ओबडधोबड आहे, ती मी मुद्दाम तशीच राहू दिली. जिथे पाळीचे, पगाराचे, कंत्राटाचे शब्द आलेत तिथे ते फार नेमके आहेत. आईवरचं प्रकरण मला थोडं लांबलेलं वाटतं आणि सोलापूरचं आखूड. प्रशासनावरचा मजकूर प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, तो स्पर्धा परीक्षेच्या गाइडसारखा वाचू नका. ज्यांची मुलं पुण्यात सदाशिव पेठेत चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला बसली आहेत त्यांनी तर हे पुस्तक त्यांच्या तोंडावर फेकू नये, ही विनंती. निकालाच्या यादीत नाव न आलेला मुलगा नालायक ठरत नाही. जागा मोजक्याच असतात.

आणि लहान मुलांच्या आईबापांना एक सांगायचं आहे. सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आपल्याच मोहोळ तालुक्यात, पोखरापूरला आहे. पाचवीत असताना मुलाला सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा देता येते आणि ती एकदाच देता येते. वर्गात साधारण ८० जागा असतात, अर्जाला फी नाही. या वर्षी तुमचं मूल पाचवीत असेल तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना अर्जाची तारीख विचारा, आणि शेजाऱ्याचं मूल पाचवीत असेल तर त्यालाही सांगा.